गाठ मऊ की कडक? थायरॉइडच्या इलास्टोग्राफीबद्दल वाचकांचे प्रश्न

थायरॉइडच्या गाठीच्या सोनोग्राफी रिपोर्टात हल्ली शेवटी ‘इलास्टोग्राफी’ म्हणून, म्हणजे गाठ किती मऊ किंवा कडक आहे हे सांगणाऱ्या, दोन-तीन ओळी असतात. त्या ओळींवरून आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहोत. काही पत्रे रुग्णांची आणि त्यांच्या घरच्यांची आहेत, काही सोनोग्राफी शिकणाऱ्या डॉक्टरांची. त्यांची उत्तरे आम्ही मुद्दाम वेगळी केलेली नाहीत. तपासणी नेमकी कशी होते हे रुग्णालाही कळावे आणि रिपोर्टातल्या एका आकड्याने घरात काय होते हे डॉक्टरांनाही कळावे, असे आम्हाला वाटते.

प्रश्न : माझ्या आईच्या थायरॉइडमध्ये १४ मिलिमीटरची गाठ आहे. रिपोर्टात ‘इलास्टोग्राफी स्कोअर ३’ असे लिहिले आहे. हा स्कोअर पाचपैकी आहे, चारपैकी आहे, काहीच कळत नाही. तीन म्हणजे कॅन्सर समजायचा का?

उत्तर : नाही. आणि ‘कितीपैकी’ ही तुमची शंका अगदी योग्य जागी आहे, कारण दोन वेगळ्या मोजपट्ट्या वापरात आहेत. इटलीच्या तेरेसा रागो आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये पाच पायऱ्यांची पट्टी वापरली. १ म्हणजे सगळी गाठ मऊ, २ म्हणजे बहुतांश मऊ, ३ म्हणजे फक्त कडेला मऊपणा, ४ म्हणजे पूर्ण गाठ कडक, आणि ५ म्हणजे गाठ तर कडकच, शिवाय तिच्या मागे पडणाऱ्या सावलीतही मऊपणा नाही. पुढच्याच वर्षी चार पायऱ्यांची पट्टी आली. तिच्यात ३ म्हणजे बराचसा भाग कडक आणि ४ म्हणजे सगळी गाठ कडक. म्हणजे पाचाच्या पट्टीतला ३ हा मधला, अनिश्चित आकडा आहे आणि चाराच्या पट्टीतला ३ संशयाच्या बाजूला झुकतो. रिपोर्ट देणाऱ्या डॉक्टरांना ‘कोणती पट्टी?’ एवढे जरूर विचारा. तो तुमचा हक्कच आहे.

पण आईंच्या बाबतीत पुढचा निर्णय या आकड्यावर ठरणार नाही. तो ठरेल साध्या, काळ्या-पांढऱ्या सोनोग्राफीत गाठ कशी दिसते यावर. गाठ भरीव आहे का, शेजारच्या ग्रंथीपेक्षा काळपट आहे का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आडव्या छेदात रुंदीपेक्षा उंची जास्त आहे का, आत चुन्याचे बारीक ठिपके आहेत का, हे सगळे त्यात पाहतात. त्यावरून गुण देऊन गाठीची श्रेणी ठरते. एसीआर टायरॅड्स या अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीच्या २०१७ च्या पद्धतीत पाचव्या श्रेणीच्या गाठीला १० मिलिमीटरपासून, चौथीला १५ पासून आणि तिसरीला २५ पासून सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, सांगितली जाते. आईंची गाठ १४ मिलिमीटरची आहे. श्रेणी पाचवी असेल तर सुई, चौथी असेल तर ठरावीक काळाने पुन्हा सोनोग्राफी. या पद्धतीत कडकपणाला एकही गुण नाही. तेव्हा रिपोर्टात टायरॅड्सची श्रेणी लिहिली आहे का ते आधी पाहा. ती नसेल आणि इलास्टोग्राफीचा स्कोअर तेवढा असेल, तर रिपोर्ट अपुरा आहे.

प्रश्न : यंत्राला गाठीचा कडकपणा कळतो तरी कसा? सोनोग्राफीत तर फक्त आवाजाच्या लहरी असतात.

उत्तर : बोटांनी चाचपून कडक गाठीवर संशय घेणे ही वैद्यकातली फार जुनी रीत. अडचण अशी की खोलवरची किंवा लहान गाठ बोटांना लागत नाही. १९९१ मध्ये जोनाथन ओफिर आणि सहकाऱ्यांनी दाखवले की दाबण्याआधीच्या आणि दाबल्यानंतरच्या सोनोग्राफी लहरींची तुलना केली, तर कोणता भाग किती चेपला गेला ते मोजता येते. ओल्या मातीच्या गोळ्यात खडा असला तर दाबल्यावर माती चेपते आणि खडा तसाच राहतो, तेच हे तत्त्व. या पद्धतीला स्ट्रेन इलास्टोग्राफी म्हणतात. यात कडकपणाचा थेट आकडा मिळत नाही, कारण आपण नेमका किती जोर लावला हे यंत्राला माहीत नसते. मिळते ती फक्त तुलना : हा भाग त्या भागापेक्षा कमी चेपला.

दुसरी पद्धत शिअर वेव्हची. यात हाताने दाबायचे नसते. प्रोबमधूनच, म्हणजे मानेवर टेकवायच्या सोनोग्राफीच्या उपकरणातूनच, एक जोरकस, क्षणभराचा ध्वनिझोत आत सोडतात. त्याच्या धक्क्याने ऊतीमध्ये आडव्या पसरणाऱ्या मंद लहरी उठतात. सोनोग्राफीची लहर ऊतीमधून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जाते, तर या शिअर लहरी सेकंदाला जेमतेम १ ते १० मीटर. ऊती जितकी कडक तितकी ही लहर वेगवान. तो वेग मोजून यंत्र कडकपणाचा आकडा काढते : वेगाचा वर्ग, गुणिले ऊतीची घनता, गुणिले तीन. हा आकडा किलोपास्कल या एककात असतो. वेग सेकंदाला २ मीटर असेल तर उत्तर येते १२ किलोपास्कल, आणि ४ मीटर असेल तर ४८. वेग दुप्पट झाला की किलोपास्कल चौपट होतात, म्हणून एका रिपोर्टात मीटर आणि दुसऱ्यात किलोपास्कल असतील तर त्या आकड्यांची सरळ तुलना करू नये.

प्रश्न : जाऊबाईंच्या गाठीचा फोटो पूर्ण लाल आहे. लाल म्हणजे धोका ना?

उत्तर : फोटोच्या कडेला रंगांची एक उभी पट्टी असते, आधी ती पाहा. शिअर वेव्हच्या बहुतेक यंत्रांत निळा म्हणजे मऊ आणि लाल म्हणजे कडक. स्ट्रेनच्या अनेक यंत्रांत नेमके उलटे असते, लाल मऊ आणि निळा कडक. काही यंत्रांत करडे चित्र येते आणि काळे-पांढरे उलटवताही येते. पट्टीच्या टोकांना लिहिलेले वाचल्याशिवाय रंगाचा कोणताही अर्थ लावू नये. शिअर वेव्हमध्ये आणखी एक भानगड आहे. पट्टीचे वरचे टोक किती किलोपास्कलला ठेवले आहे ते डॉक्टर बदलू शकतात. ते ४० ला ठेवले तर साधी गाठही लाल दिसेल, १८० ला ठेवले तर तीच गाठ निळी.

प्रश्न : मी रेडिओलॉजीचा निवासी डॉक्टर आहे. स्ट्रेन इलास्टोग्राफी करताना माझे चित्र दर वेळी वेगळे येते. सर करतात तेव्हा मात्र स्थिर येते. माझे नेमके कुठे चुकत असावे?

उत्तर : बहुधा जोर जास्त पडतो आहे. नवशिक्यांच्या हातून हीच चूक सर्वाधिक होते, आणि चित्र सुंदर दिसत असल्यामुळे ती लक्षातही येत नाही. प्रोब आधीच दाबून धरला की गाठ आणि भोवतालची ग्रंथी दोन्ही ताणल्या जातात. ऊती दाबाखाली असली की मुळातल्यापेक्षा कडक वागते, आणि मऊ ग्रंथीत ही वाढ गाठीपेक्षा वेगळ्या प्रमाणात होते. त्यामुळे दोघांतला फरकच पुसला जातो.

सुरुवातीपासून पाहू. रुग्ण उताणा, खांद्यांखाली पातळ उशी, मान हलकेच मागे. मान फार ताणली तर पुढचे स्नायू ताठ होतात आणि प्रोबचा दाब गाठीपर्यंत नीट पोहोचत नाही. रेखीय, उच्च वारंवारतेचा प्रोब घ्यावा. आधी काळी-पांढरी सोनोग्राफी आणि डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) पूर्ण करून श्रेणी ठरवून टाकावी. इलास्टोग्राफीचे रंग पाहून मग श्रेणी ठरवायला बसलात तर मन आधीच एका बाजूला झुकलेले असते.

जेल सढळ हाताने लावा. शक्यतो उभा छेद घ्या. आडव्या छेदात एका बाजूला श्वासनलिका आणि दुसऱ्या बाजूला कॅरोटिड धमनी येते. धमनीच्या प्रत्येक ठोक्याने गाठ बाजूने ढकलली जाते आणि तो दाब तुमच्या हाताच्या दाबात मिसळतो. रुग्णाला सांगा : काही सेकंद बोलायचे नाही, गिळायचे नाही, श्वास आहे तिथेच थांबवायचा. खोल श्वास घेऊन रोखायला सांगू नका, त्याने सगळी मान हलते.

रंगाच्या चौकटीत पूर्ण गाठ आणि तिच्याभोवती पुरेशी निरोगी ग्रंथी यायला हवी. चौकट गाठीला घट्ट चिकटवली तर तुलनेला काहीच उरत नाही, कारण चौकटीतल्या सरासरीवरच रंग ठरतात. मोठ्या रक्तवाहिन्या आणि श्वासनलिका चौकटीबाहेर ठेवा. आता प्रोब त्वचेला लंब धरून अगदी लहान, एक-दोन मिलिमीटरचे, एका लयीत उतारचढाव द्या. प्रोब बाजूला घसरला तर गाठ छेदातून निघून जाते आणि यंत्र दोन वेगवेगळ्या जागांची तुलना करू लागते. काही यंत्रांना हाताचा दाब लागतच नाही, श्वासाची आणि नाडीची हालचालच पुरते. अशा यंत्रावर सवयीने दाब देऊ नका. तुमच्या यंत्राच्या माहितीपुस्तकात हे लिहिलेले असते. ते एकदा वाचून काढाच.

पडद्यावर दाबाच्या गुणवत्तेची खूण असते, कुठे अंक तर कुठे आलेख. ती चांगली असतानाचीच चित्रे धरा. एकच देखणे चित्र उचलू नका. सलग चित्रफीत साठवून तीत निदान तीन वेळा तोच नमुना आला तरच स्कोअर द्या. स्ट्रेन रेशो, म्हणजे निरोगी ग्रंथी गाठीच्या किती पट चेपली हे प्रमाण, काढायचा असेल तर एक वर्तुळ गाठीच्या भरीव भागात आणि दुसरे निरोगी ग्रंथीत, दोन्ही त्वचेपासून सारख्याच खोलीवर. खाली जाताना दाब कमी होत जातो. त्यामुळे खोलवरची मऊ ऊतीही कडक भासते आणि वर्तुळे वरखाली ठेवली तर रेशो खोटा येतो.

प्रश्न : एकाच गाठीचा शिअर वेव्हचा आकडा आधी ३८ किलोपास्कल आणि काही आठवड्यांनी दुसरीकडे ९२. गाठ इतक्या लवकर बदलते का?

उत्तर : गाठ बदलली असण्यापेक्षा मोजणी बदलली असण्याची शक्यता कितीतरी जास्त आहे. दोन्ही रिपोर्ट समोर ठेवून काही गोष्टी तपासा. ३८ हा सरासरी आकडा आणि ९२ हा कमाल आकडा तर नाही ना? गाठीचा एक कोपरा कडक असला तर या दोहोंत मोठे अंतर पडते. छेद एकच होता का? यंत्र एकच होते का? वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. मधल्या काळात सुई टोचली होती का? त्यातून झालेला रक्तस्राव आणि नंतरचा व्रण यांनीही कडकपणा बदलतो.

आणि पुन्हा तोच दाब. शिअर वेव्हमध्ये दाब मुळीच नको. प्रोब जेलच्या थरावर तरंगता धरायचा, रंग स्थिर होईपर्यंत तीन ते पाच सेकंद हात आणि श्वास दोन्ही थांबवायचे, मग चित्र गोठवायचे. त्वचेला लागून उभे लाल पट्टे दिसत असतील तर ते दाबाचे, त्यांवर मोजणी करू नये. दोन खंडांना जोडणाऱ्या मधल्या पट्ट्यातली गाठ हमखास कडक दिसते, कारण तिच्यामागे श्वासनलिका असते आणि गाठ प्रोब व नळी यांच्यामध्ये चेपली जाते. तिथल्या आकड्यावर भिस्त ठेवू नये. चुन्याच्या मोठ्या खड्यावर मोजले तर आकडा आकाशाला भिडतो. तो आकडा खड्याचा असतो, गाठीच्या पेशींचा नव्हे. म्हणून तीन ते पाच मोजण्या घेऊन मधली धरावी आणि चार मोजण्यांत चार दिशांचे आकडे येत असतील तर ‘मोजणी भरवशाची नाही’ असे रिपोर्टात स्पष्ट लिहावे. तसे लिहिण्यात कमीपणा नाही. चुकीचा आकडा लिहिण्याने माणसाची झोप उडते.

‘कितीच्या वर म्हणजे कॅन्सर?’ असाही प्रश्न पत्रात होता. सगळ्यांना लागू पडेल अशी रेघ नाही. २०१० च्या एका फ्रेंच अभ्यासाने ६५ किलोपास्कलची रेघ सुचवली. इतर अभ्यासांत ती ३५ च्या आसपासपासून ८५ पर्यंत फिरते. तेव्हा ३८ हा आकडा एका अभ्यासाच्या हिशेबाने संशयास्पद ठरेल आणि दुसऱ्याच्या हिशेबाने अगदी साधा.

प्रश्न : गाठीत पाणी आहे. शिअर वेव्हच्या चित्रात तिथे रंगच भरला नाही. यंत्र बिघडले का?

उत्तर : नाही. द्रवातून शिअर लहर जातच नाही, म्हणून ती जागा रिकामी राहते. अर्धी भरीव, अर्धी पाण्याची गाठ असेल तर फक्त भरीव भाग मोजावा, तोही पुरेसा मोठा असेल तरच. रिकामी जागा फार कडक भागातही राहू शकते, म्हणून काळे-पांढरे चित्र शेजारी ठेवूनच तिचा अर्थ लावतात.

प्रश्न : यजमानांची गाठ इलास्टोग्राफीत मऊ आली. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. पण सर्जन म्हणतात सुई करावीच लागेल आणि कदाचित ऑपरेशनही. मग मऊपणाचा उपयोग काय?

उत्तर : सर्जनचे म्हणणे ऐका. थायरॉइडच्या कॅन्सरांत पॅपिलरी प्रकार सर्वांत जास्त आढळतो आणि तो बहुधा कडक असतो. इलास्टोग्राफीचे बरेच यश त्याच्यावर उभे आहे. फॉलिक्युलर प्रकार मात्र मऊ असू शकतो, कारण त्याची आतली रचना निरोगी ग्रंथीशी मिळतीजुळती असते. सुईच्या तपासणीतही तो पक्का होत नाही. सुईच्या रिपोर्टांची श्रेणी लावणाऱ्या बेथेस्डा पद्धतीत चौथ्या श्रेणीचा रिपोर्ट येतो, म्हणजे फॉलिक्युलर वाढ आहे, पण ती साधी की कॅन्सर हे सांगता येत नाही. ते ठरते गाठीच्या वेष्टनातून किंवा रक्तवाहिनीत पेशी घुसल्या आहेत का यावर, आणि ते काढलेल्या गाठीच्या तपासणीतच दिसते. ऑपरेशनचा विषय बहुधा यासाठीच निघाला असेल.

मऊपणाचा उपयोग आहे, पण तो सोबतीने. काळ्या-पांढऱ्या चित्रात संशयाची एकही खूण नाही आणि गाठ मऊही आहे, तर दोन साक्षी एकाच बाजूच्या झाल्या आणि वाट पाहण्याचा निर्णय अधिक निश्चिंतपणे घेता येतो. चित्रात खुणा आहेत आणि गाठ मात्र मऊ, अशा वेळी खुणांनाच मान द्यायचा. रागो यांच्या ९२ रुग्णांच्या पहिल्या अभ्यासात इलास्टोग्राफीची संवेदनशीलता (कॅन्सरच्या गाठी ओळखण्याचे प्रमाण) ९७ टक्के आणि विशिष्टता (साध्या गाठींना साधी म्हणण्याचे प्रमाण) १०० टक्के निघाली होती. एवढी चमक पुढच्या मोठ्या अभ्यासांत टिकली नाही. म्हणून अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शिकेने ती सरसकट करण्याची शिफारस केली नाही. आमच्या मते हे योग्यच झाले, कारण तिच्या भरवशावर सुई टाळण्याची घाई रुग्णाला महागात पडू शकते.

प्रश्न : याच्या उलटे. गाठ कडक, पण सुईत ‘साधी’ आली. विश्वास कशावर ठेवायचा?

उत्तर : पेशींच्या रिपोर्टाचे वजन जास्त. कॅन्सर नसतानाही गाठ कडक होण्याची कारणे पुष्कळ आहेत : आत साठलेला चुना, जुना व्रण, पाणी आटून आक्रसलेली गाठ, दुखऱ्या थायरॉइडची सूज, पूर्वी केलेले अॅब्लेशन (ऑपरेशन न करता गाठ आतल्या आत नष्ट करण्याचा उपचार). आक्रसलेली गाठ तर काळ्या-पांढऱ्या चित्रातही संशयास्पद दिसते. तिचे जुने रिपोर्ट काढून पाहिले, पूर्वी तिथे मोठी पाण्याची गाठ होती असे दिसले, की बरीचशी काळजी मिटते. म्हणून जुने फोटो आणि सीडी टाकून देऊ नका.

मात्र काळ्या-पांढऱ्या चित्रात संशय जोरदार असेल तर एकदा ‘साधी’ आली म्हणून फाइल मिटवायची नसते. अशा गाठीची सोनोग्राफी आणि सुई बारा महिन्यांच्या आत पुन्हा करावी, असे तीच २०१५ ची मार्गदर्शिका सांगते. संशय कमी किंवा मध्यम असेल तर बारा ते चोवीस महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ वाढली असे केव्हा म्हणायचे, तर निदान दोन मापे २० टक्क्यांनी आणि किमान २ मिलिमीटरने वाढली तर, किंवा आकारमान ५० टक्क्यांहून जास्त वाढले तर.

प्रश्न : हाशिमोटो (शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे थायरॉइडला येणारी जुनाट सूज) असलेल्या रुग्णात स्ट्रेन रेशो घ्यावा का?

उत्तर : जपून. या आजारात सगळी ग्रंथीच कडक झालेली असते. तुलनेचे वर्तुळ तिच्यात ठेवले तर तुलनेचा आधारच बिघडतो आणि कडक गाठही साधी वाटते. तुलनेला गळ्याचा पुढचा स्नायू घेता येतो, पण मग तसे रिपोर्टात लिहा. स्नायूशी काढलेला रेशो आणि ग्रंथीशी काढलेला रेशो ही दोन वेगळी मापे आहेत.

प्रश्न : ही तपासणी दुखते का? गरोदरपणात चालते का?

उत्तर : दुखत नाही. क्ष-किरण नाहीत, इंजेक्शन नाही, उपाशी राहावे लागत नाही. नेहमीच्या सोनोग्राफीतच काही मिनिटे जास्त लागतात. गरोदरपणात मानेची तपासणी करता येते.

प्रश्न : सुई आणि इलास्टोग्राफी दोन्ही करायच्या आहेत. आधी काय?

उत्तर : आधी इलास्टोग्राफी. ग्रंथीत अनेक गाठी असतील तर कोणत्या गाठीत सुई घालायची हे काळ्या-पांढऱ्या चित्रावरून ठरवतात, पण एकाच गाठीत कोणत्या भागातून पेशी घ्यायच्या यासाठी कडक भाग दाखवणारे चित्र हाताशी असले तर मदत होते. सुई आधी झाली असेल तर आत साठलेले रक्त जिरेपर्यंत थांबावे. ते शक्य नसेल तर सुई कोणत्या तारखेला, किती वेळा आणि कोणत्या बाजूने घातली हे इलास्टोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना सांगावे आणि त्यांनी ते रिपोर्टात नोंदवावे.